आमच्या वर्गामुळे मुलं वाचायला लागली का? लहान संस्थांसाठी मूल्यमापनाची वाट

मार्च जवळ आला की लहान संस्थांमध्ये एकच धांदल उडते. सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठी राखलेला, निधी देणाऱ्या कंपनीला 'इम्पॅक्ट रिपोर्ट' हवा असतो. मग हजेरीपटांची बेरीज होते, वर्गाचे चार चांगले फोटो निघतात, एखाद्या आईचं 'माझा पोरगा आता घडाघडा वाचतो' हे वाक्य ठळक अक्षरांत छापलं जातं आणि अहवाल रवाना होतो. कंपनी खूश, संस्था मोकळी. वर्ग घेणाऱ्या ताईंच्या मनातला प्रश्न मात्र तसाच राहतो. मुलं खरंच वाचायला लागली का? आणि लागली असतील, तर ती आपल्यामुळे का?

हा लेख त्या ताईंसाठी आणि त्यांच्या संस्थेतल्या कार्यकर्त्यांसाठी आहे. संख्याशास्त्र यायची गरज नाही. टक्केवारी काढता आली, वही नीट ठेवता आली आणि नकोसं उत्तर ऐकून घ्यायची तयारी असली की पुरे. यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे.

लेखभर एकच उदाहरण घेऊ. समजा, बीड जिल्ह्यात एका तालुक्यात तुमची संस्था जिल्हा परिषद शाळेतल्या तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी दोन वस्त्यांवर संध्याकाळचे वाचनवर्ग चालवते. ५० मुलं, दोन ताई, एक पर्यवेक्षक. या वर्गांचे पुढचे सगळे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. जिथे खऱ्या अभ्यासाचा आकडा येईल तिथे तसं सांगेन.

पायरी १ : आधी निर्णय, मग प्रश्न

कागदावर एक वाक्य लिहा: उत्तर मिळाल्यावर कोण, केव्हा, काय ठरवणार? उदाहरणार्थ, 'मे महिन्याच्या बैठकीत विश्वस्त ठरवतील की जूनपासून वर्ग आणखी चार वस्त्यांवर न्यायचे, आहेत तिथेच ठेवायचे, की वेळ आणि पद्धत बदलायची.' हे वाक्य लिहिता येत नसेल, म्हणजे उत्तर काहीही आलं तरी पुढच्या वर्षी तेच होणार असेल, तर मूल्यमापनावर पैसे घालवू नका. हजेरी आणि खर्चाचा साधा हिशेब द्या आणि मुलांना शिकवत राहा.

निर्णय ठरला की प्रश्न तीन प्रकारचेच उरतात. ठरवलं होतं ते झालं का? ज्यांच्यासाठी होतं त्यांच्यापर्यंत पोचलं का? आणि त्यांच्यात फरक पडला का, पडला तर तो आपल्यामुळे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वहीत सापडतात. तिसऱ्यासाठी तयारी, वेळ आणि पैसा लागतो. माझं मत विचाराल तर कार्यक्रमाच्या पहिल्या वर्षी तिसऱ्या प्रश्नाच्या वाटेला जाऊच नये. वर्गाची घडीच बसलेली नसताना परिणाम मोजला तर आपण गोंधळाचा परिणाम मोजतो. पहिलं वर्ष वेळ, जागा आणि पद्धत बसवण्यात जातं. आपण दुसऱ्या वर्षाबद्दल बोलतो आहोत असं धरून चला.

निधी देणाऱ्यांच्या छापील नमुन्यात बहुधा सहा रकाने असतात: समर्पकता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव, शाश्वतता. हे सहा निकष ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या विकास-साहाय्य समितीचे आहेत. सुरुवातीला पाचच होते, 'सुसंगती' २०१९ साली जोडली गेली. रकाने भरायचे तर भरा, पण सहाही गोष्टी मोजायला निघालात तर एकही धड मोजून होणार नाही.

मूल्यमापन ही परदेशी देणगीदारांनी आणलेली टूम आहे असं काही जुने कार्यकर्ते म्हणतात. तसं नाही. सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला त्याच वर्षी, १९५२ साली, केंद्र सरकारने त्याची पाहणी करायला स्वतंत्र कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभी केली होती. आज ते काम नीती आयोगाच्या अखत्यारीतलं विकास देखरेख आणि मूल्यमापन कार्यालय करतं.

पायरी २ : साखळी कागदावर मांडा

साखळी म्हणजे आपल्या कामातून काय घडेल, त्यातून पुढे काय घडेल, याचा क्रम. डावीकडून उजवीकडे पाच चौकोन काढा आणि एकातून दुसऱ्याकडे बाण. ताईंचं मानधन आणि गोष्टींची पुस्तकं. आठवड्यातून पाच दिवस दीड तासाचा वर्ग. मुलं नियमित येतात. प्रत्येक मूल रोज आपल्या पातळीचं काहीतरी स्वतः वाचतं. वर्षाअखेर बहुतेक मुलं छोटा परिच्छेद न अडखळता वाचतात.

खरं काम चौकोनांमधल्या बाणांवर आहे. प्रत्येक बाणाखाली लिहा: हे पुढचं घडण्यासाठी काय खरं असायला हवं? संध्याकाळी वीज असेल. पाचवीतल्या मुलीला अंधार पडल्यावर एकटीने घरी जावं लागणार नाही. ताई पाठ्यपुस्तक संपवण्याच्या मागे लागणार नाहीत. धाकट्या भावंडांना सांभाळायचं काम या मुलांवर नसेल. हे ऑफिसात बसून लिहू नका, ताईंना आणि दोन-तीन पालकांना सोबत घ्या. अर्ध्या तासात अशा चार गोष्टी निघतात की प्रस्तावात त्यांचा मागमूसही नसतो.

साखळी कशासाठी, हे जौनपूरच्या उदाहरणावरून कळतं. २००५-०६ साली उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या कामाचा २८० गावांत अभ्यास झाला. काही गावांत फक्त सभा घेऊन शाळेची माहिती आणि ग्राम शिक्षण समितीचे अधिकार समजावले. काही ठिकाणी त्यासोबत गावकऱ्यांना मुलांचं वाचन तपासायला शिकवलं. तिसऱ्या गटात याच्या जोडीला स्वयंसेवकांना वाचनवर्ग घ्यायचं प्रशिक्षण दिलं. सभांनी फारसं काहीच हललं नाही. वाचनवर्गांना गेलेली मुलं मात्र चांगली पुढे सरकली. पण गेली किती? गावातल्या मुलांपैकी सुमारे ८ टक्के. पद्धत चांगली होती, साखळी 'मुलं येतात' या चौकोनात तुटली होती. सगळ्या गावाची सरासरी काढून नुसतं 'थोडा परिणाम' असं कुणी लिहिलं असतं तर पुढच्या वर्षी शिकवण्याची पद्धत बदलली गेली असती, जिला हात लावायची गरजच नव्हती.

उलट टोकाचं उदाहरण आपल्याकडचंच. जलयुक्त शिवार अभियानात किती कामं झाली, किती बंधारे, किती खोलीकरण, याचे आकडे सतत जाहीर होत राहिले. २०२० साली विधिमंडळात आलेल्या कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालाने विचारलं ते साखळीच्या शेवटच्या चौकोनाबद्दल: गाव पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झालं का, भूजल पातळी वाढली का? साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च होऊनही त्या बाबतीत फारसा परिणाम दिसत नाही, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. त्यावर राजकीय वाद झाले, होणारच. आपल्यापुरतं इतकं पुरे की 'काम झालं' आणि 'फरक पडला' यांच्यासाठी दोन वेगळ्या वह्या लागतात.

पायरी ३ : मोजमाप एकच निवडा, पण नीट

नवी प्रश्नपत्रिका तयार करायच्या फंदात पडू नका. वाचनासाठी 'असर' या मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाचं साधन मराठीत तयार आहे. २००५ पासून देशभर वापरलं गेलंय. एका कागदावर चार गोष्टी असतात: अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. एकेका मुलाला वेगळं बसवून तपासायचं. सुरुवात परिच्छेदापासून. तो शब्द तोडत न वाचता, तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचला, तर गोष्ट द्यायची. नाही जमला, तर कुठलेही पाच शब्द वाचायला सांगायचे. चार बरोबर आले तर मूल 'शब्द' पातळीवर. तेही जमलं नाही तर पाच अक्षरं. प्रत्येक मुलाला फार तर पाच मिनिटं लागतात.

मुलं मजकूर पाठ करतात, म्हणून वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी वेगवेगळा नमुना वापरा. वर्गात रोज तोच परिच्छेद वाचून घेणाऱ्या ताईंचा हेतू चांगलाच असतो, पण मोजमाप मातीत जातं.

काही गोष्टी आधीच ठरवून लिहून ठेवा. मुलाने 'पाणी'चं 'पानी' वाचलं तर? घरी तसंच बोलत असेल तर ती वाचनाची चूक नाही, आणि हा नियम तपासणाऱ्या सगळ्यांसाठी सारखा हवा. अडखळून स्वतःच दुरुस्त केलं तर? तेही लिहा. मग दोघा तपासनिसांनी त्याच दहा मुलांना स्वतंत्रपणे तपासून एकमेकांचे निकाल ताडून पाहावेत. दहापैकी आठांवरही एकमत नसेल तर एप्रिलमध्ये दिसणारा फरक मुलांचा की तपासणाऱ्याचा, हे कधीच कळणार नाही. हा अर्ध्या दिवसाचा सराव लोक हटकून गाळतात. गाळू नका.

आणखी एक नियम: वर्ग घेणाऱ्या ताईंनी आपल्याच वर्गाची तपासणी करायची नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. पण मूल अडलं की आपसूक पहिलं अक्षर पुटपुटायची त्यांना सवय झालेली असते.

पायरी ४ : सुरुवातीची नोंद

वर्ग सुरू होण्याआधी किंवा फार तर पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाची पातळी तपासा. नोंदीत मुलाचा क्रमांक, इयत्ता, मुलगा की मुलगी, वस्ती, तारीख, पातळी आणि तपासणाऱ्याचं नाव. नावं आणि क्रमांकांची यादी वेगळ्या वहीत, कुलपात. बाकी सगळीकडे फक्त क्रमांक. पालकांना आधी सांगा की आपण काय तपासतो आहोत, कशासाठी, आणि नाही म्हणायची मोकळीक आहे.

बऱ्याच संस्थांना हे सहा महिन्यांनी सुचतं. तेव्हा 'जूनमध्ये तुमच्या मुलाला किती वाचता येत होतं?' असं पालकांना विचारून सुरुवातीचा आकडा तयार करू नका. आठवण आत्ताच्या समाधानाप्रमाणे बदलते. त्यापेक्षा नव्याने नाव घालणाऱ्या मुलांपासून नोंद सुरू करा, किंवा शाळेने जुलैमध्ये काही चाचणी घेतली असेल तर मुख्याध्यापकांना भेटून ती मागा. दोन्ही शक्य नसेल तर या वर्षी परिणामाचा दावा करू नका. पुढच्या वर्षी करा.

पायरी ५ : कशाच्या तुलनेत?

या पायरीवर थोडा जास्त वेळ थांबायचं आहे, कारण नव्याने काम करणारे सर्वांत जास्त इथेच फसतात.

जुलैमध्ये परिच्छेद वाचणारी मुलं ५० पैकी १२ होती, एप्रिलमध्ये २९ झाली. छान. पण ही मुलं रोज शाळेतही जात होती. नऊ-दहा महिन्यांनी मोठी झाली होती. शाळेत कदाचित नवे गुरुजी आले असतील. वर्ग नसता तरी काही मुलं पुढे गेलीच असती. किती गेली असती, हे कळल्याशिवाय १७ मुलांचं श्रेय घेता येत नाही.

याचं महाराष्ट्रातलं उत्तम उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत आखली. ती ३९ गावांत राबवली आणि शेजारच्या ४७ गावांत जन्म-मृत्यूंची नोंद तशीच काटेकोर ठेवली, पण ही पद्धत राबवली नाही. सुरुवातीला दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू राबवलेल्या गावांत ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८, म्हणजे जवळपास सारखे. १९९७-९८ पर्यंत राबवलेल्या गावांत ते २५.५ वर आले, तुलनेच्या गावांत ५९.६ राहिले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. दुसरा आकडा जागचा हलला नाही, म्हणून पहिल्या आकड्याला वजन आलं. नुसतं '६२ वरून २५' लिहिलं असतं तर कुणीही म्हणालं असतं की रस्ते झाले, दवाखाने सुधारले, पाऊसपाणी बरं झालं.

याच अभ्यासातून लहान संस्थांनी आणखी एक गोष्ट उचलावी. ती ३९ गावं मिळून लोकसंख्या सुमारे ३९ हजार होती. मृत्यू ही तुलनेने क्वचित घडणारी घटना, त्यामुळे फरक दिसायला एवढी मोठी लोकसंख्या लागली. तुमचा आरोग्याचा कार्यक्रम तीन गावांत असेल तर वर्षाला मृत्यू तीनचे दोन झाले की एक, यावरून काहीही सिद्ध होत नाही. आणि जे आधीच सिद्ध झालंय ते पुन्हा सिद्ध करायचं कारणही नाही. गडचिरोलीच्या कामानंतर घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणं गावोगावच्या आशा कार्यकर्तींच्या कामाचा भाग झालं: दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट, घरी झालं तर पहिल्या दिवशीही. तुम्ही अशा कामात असाल तर भेटी वेळेवर होतात का, बाळाचं वजन खरंच केलं जातं का, एवढं बघा. आणि ते फॉर्मवरून न बघता आईला विचारून बघा.

आता आपल्या वाचनवर्गाकडे. तुलना कुठून आणायची? सर्वांत चांगला मार्ग बहुतेक संस्थांच्या हातात असतोच, त्यांना तो दिसत नाही. चार वस्त्यांवर वर्ग न्यायचे आहेत, पण पैसे या वर्षी दोनच वस्त्यांचे आहेत. मग चारही वस्त्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून ग्रामसभेत, सगळ्यांसमोर, एखाद्या लहान मुलाच्या हातून दोन चिठ्ठ्या काढा. त्या दोन वस्त्यांना या वर्षी, उरलेल्या दोघींना पुढच्या वर्षी. चारही ठिकाणी जुलै आणि एप्रिलमध्ये तपासणी. कुणालाही वगळलं नाही, वशिला चालला नाही आणि तुलना मिळाली. पुढच्या वर्षीचं वचन मात्र पाळलंच पाहिजे. पाळता येणार नसेल तर ही पद्धत वापरू नका.

दुसरा मार्ग वडोदऱ्याचा. मुंबईत 'प्रथम'ने सुरू केलेल्या बालसखी उपक्रमाचं मूल्यमापन २००१ पासून मुंबई आणि वडोदऱ्यात झालं. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो हे पुढे २०१९ चं नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ त्यात होते. बालसखी म्हणजे वस्तीतलीच शिकलेली तरुण मुलगी, मागे पडलेल्या १५-२० मुलांना शाळेच्या वेळातच दोन तास वेगळं शिकवणारी. वडोदऱ्यात निम्म्या शाळांना बालसखी तिसरीसाठी दिली, निम्म्यांना चौथीसाठी. प्रत्येक शाळेला बालसखी मिळाली, त्यामुळे मुख्याध्यापकांची तक्रार नाही. आणि एका शाळेतल्या तिसरीची तुलना दुसऱ्या शाळेतल्या, बालसखी न मिळालेल्या तिसरीशी करता आली. पुढच्या वर्षी अदलाबदल. ही युक्ती इतकी सुटसुटीत आहे की दोन शाळांत काम करणाऱ्या संस्थेलाही वापरता यावी.

दोन तुलना मात्र टाळा. वर्गाला येणारी मुलं आणि त्याच वस्तीतली न येणारी, ही पहिली. जे आईवडील संध्याकाळी मुलाला वर्गाला पाठवतात ते घरीही अभ्यासाला बसवत असतील. फरक वर्गाचा की घराचा, हे सांगता येत नाही. दुसरी फसवी तुलना म्हणजे चाचणीत सर्वांत खाली आलेली मुलं निवडून नंतर 'बघा किती वर आली' म्हणणं. त्यातली काही त्या दिवशी ताप होता, भूक होती, लाज वाटत होती म्हणून खाली आलेली असतात. ती पुढच्या वेळी आपोआप वर येतात.

पायरी ६ : न सापडणारी मुलं

बीड जिल्ह्यात हे टाळताच येत नाही. दिवाळीच्या आगेमागे अनेक कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती हंगाम संपला की परततात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे राहतात, बरीचशी आईवडिलांबरोबर जातात. तुम्ही फेब्रुवारीत शेवटची तपासणी ठेवली तर नेमकी हीच मुलं तुमच्या हिशेबातून गळतील, आणि सर्वांत जास्त मदतीची गरज त्यांनाच असते.

समजा, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ५० पैकी ३६ मुलं सापडली आणि त्यातली २७ परिच्छेद वाचतात. २७ भागिले ३६ म्हणजे ७५ टक्के! अहवालात हा आकडा टाकायचा मोह होतो. पण नाव घातलं होतं ५० मुलांनी. २७ भागिले ५० म्हणजे ५४ टक्के. या दोन आकड्यांत खऱ्याच्या जवळचा ५४ टक्के. हजेरी वीस टक्के असलेली मुलं 'गळालेली' म्हणून काढून टाकणं हीसुद्धा हीच चलाखी, फक्त सभ्य भाषेत.

उपाय असा. तपासणी तीनदा करा: जुलैत, ऑक्टोबरमध्ये कुटुंबं निघण्याआधी, आणि एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये न सापडलेल्या १४ मुलांची यादी ताईंच्या हाती द्या. टोळ्या परतल्यावर मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आणखी ९ सापडली आणि त्यातली २ परिच्छेद वाचतात असं धरा. उरलेल्या ५ मुलांची ऑक्टोबरमधली पातळीच शेवटची माना आणि तसं स्पष्ट लिहा. त्यातलं एकही परिच्छेद वाचत नव्हतं. एकूण २९ मुलं, म्हणजे ५८ टक्के. हा आकडा ७५ पेक्षा कमी दिसतो, पण कुणीही उलटतपासणी केली तरी टिकतो. तुलनेच्या वस्त्यांवरही हीच मेहनत घ्या, नाहीतर तुलनाच लंगडी.

पायरी ७ : माणसांशी बोलणं

आकडा काय झालं ते सांगतो, का झालं ते लोक सांगतात. दहा-बारा घरी जा, अर्धी वर्गाला नियमित येणाऱ्या मुलांची आणि अर्धी सोडून गेलेल्यांची. यशस्वी मुलांच्याच घरी चहा प्यायला गेलात तर गोड बोलणंच ऐकाल.

'वर्ग आवडला का?' हे विचारू नका. घरी आलेल्या पाहुण्याला कोण नाही म्हणेल? विचारा: मागच्या आठवड्यात किती दिवस गेला? गेला नाही त्या दिवशी घरी काय चाललं होतं? वर्गात शेवटचं काय वाचलं, ते दाखव बरं. ज्या दिवशी ताई आल्या नाहीत त्या दिवशी काय झालं? मुलींशी शक्यतो बाईंनीच बोलावं, आणि सासू-सासरे समोर असताना सुनेला प्रश्न विचारू नयेत. बोलणं रेकॉर्ड करायचं तर परवानगी घ्या. नाहीतर घरी परतल्यावर त्याच रात्री लिहून काढा, कारण दोन दिवसांनी लक्षात राहतं ते फक्त आपल्याला पटलेलं.

पायरी ८ : बेरीज-वजाबाकी

सॉफ्टवेअर नको. एक्सेल येत असेल तर ठीक, नाहीतर चौकटीची वही पुरते. आडव्या ओळींत जुलैची पातळी, उभ्या रकान्यांत शेवटची पातळी, आणि प्रत्येक मूल एका खान्यात. कोण कुठून कुठे गेलं ते एका नजरेत दिसतं. 'अक्षर' ओळीतलं मूल 'अक्षर' रकान्यातच असेल तर त्याच्यासाठी वर्ग काही कामाचा ठरला नाही, आणि अशी मुलं किती हे सरासरीत कधीच दिसत नाही.

आता तुलना. वर्गाच्या वस्त्यांवर परिच्छेद वाचणारी मुलं ५० पैकी १२ वरून २९ वर, म्हणजे २४ टक्क्यांवरून ५८ वर. वाढ ३४. ज्या वस्त्यांची पाळी पुढच्या वर्षी आहे तिथे ५० पैकी ११ वरून २० वर, म्हणजे २२ वरून ४० टक्के. वाढ १८. चौतीसमधून अठरा वजा केले की उरतात १६. वर्गामुळे झालेली वाढ साधारण एवढी, ५० मुलांत ८ मुलं. बाकीची वाढ तशीही झाली असती.

चारच वस्त्या असल्यामुळे या १६ च्या आकड्याला घट्ट धरून बसू नका. एका शाळेत मध्येच शिक्षकाची बदली झाली तरी तो हलू शकतो. अहवालात 'सिद्ध झालं' असं लिहू नका. 'वर्गामुळे फरक पडल्याचं दिसतं, वस्त्या थोड्या असल्याने आकडा अंदाजाचा आहे' असं लिहा.

मग खर्च. वर्षाला सगळं मिळून २ लाख ४० हजार लागले असतील तर प्रत्येक मुलामागे ४,८०० रुपये. पण वर्गामुळे परिच्छेदापर्यंत पोचलेल्या प्रत्येक जादा मुलामागे ३० हजार. हा दुसरा आकडा छापायला धीर लागतो. त्याच्या शेजारी हेही लिहा की अक्षरावरून शब्दावर आलेली मुलं यात धरलेली नाहीत. एवढं केलंत की विश्वस्तांच्या बैठकीत खरा प्रश्न निघतो: याच पैशांत शाळेच्या वेळातच एक ताई देता आली तर?

पायरी ९ : अहवाल कुणाला आधी?

मुख्य अहवाल एका पानाचा. पहिल्या ओळीत उत्तर, दुसऱ्या परिच्छेदात ते कसं कळलं, तिसऱ्यात काय कळलं नाही, शेवटी मेमध्ये काय ठरवायचं आहे. कोष्टकं आणि फोटो परिशिष्टात. मुलांची नावं कुठेही नकोत, आणि चेहरा दिसणारा फोटो पालकांच्या परवानगीशिवाय नको.

कंपनीला पाठवण्याआधी तो वस्तीवर वाचून दाखवा. संध्याकाळी, शेतावरून लोक परतल्यावर, ताईंच्या वर्गातच. टक्केवारी बाजूला ठेवा. 'पन्नास पोरांपैकी बारा वाचत होती, आता एकोणतीस वाचतात, पण नऊ पोरं अजून अक्षरांवरच अडलीत' असं सांगा. लोक तिथेच सांगतात की ती नऊ पोरं कुणाच्या घरची आहेत आणि संध्याकाळी शेळ्या कोण राखतं. त्यातलं निम्मं तुमच्या मुलाखतींत आलेलं नसेल. ते अहवालात घाला, मग पाठवा.

निकाल वाईट आला तर? तोच पाठवा, आणि काय बदलणार तेही लिहा. काही निधी देणारे यावर हात आखडता घेतात, हे खरं आहे. तरी 'सर्व उद्दिष्टं शंभर टक्के साध्य' लिहिलेल्या ढिगातून तुमचा कागद वेगळा उठून दिसतो. असा कागद वाचणारे अधिकारीही असतात.

शेवटचं, आणि हे फार कमी जण करतात. बालसखीच्या अभ्यासात कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने मुलांना पुन्हा तपासलं, तेव्हा आधी दिसलेली वाढ बरीच ओसरली होती, पुरती पुसली गेली नव्हती. तुमचं काय होतंय हे बघायचं तर पाचवी संपवून बाहेर पडलेल्या मुलांना पुढच्या एप्रिलमध्ये एकदा गाठावं लागेल. त्यासाठी वेगळा निधी नको, फक्त यादी हवी. म्हणून जुलै आणि एप्रिलचे मूळ कागद, वापरलेले दोन्ही नमुने, क्रमांकांची वही आणि 'पानी'सारखे ठरवलेले नियम एका फाइलमध्ये घाला, फाइल कुठल्या कपाटात आहे आणि चावी कुणाकडे आहे ते बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवा. तोवर ताई बदललेल्या असतील, पर्यवेक्षकही कदाचित.